इलेक्ट्रिक व्हीलचेअर विमानाने नेताना: बॅटरीच्या आकड्यापासून परतीच्या तिकिटापर्यंत

इलेक्ट्रिक व्हीलचेअर विमानातून नेता येते. ती सामान म्हणून विमानाच्या पोटात जाते, तिचं वेगळं भाडं बहुतेक कंपन्या घेत नाहीत, आणि उतरल्यावर ती परत तुमच्या हातात येते. तरीही अनेकजण घरची खुर्ची घरीच ठेवून विमानतळाच्या ढकलगाडीवर विसंबून प्रवास करतात, कारण "बॅटरी चालत नाही" असं कोणीतरी सांगितलेलं असतं. मी स्वतः इलेक्ट्रिक खुर्ची वापरते. मुक्कामी पोहोचल्यावर पुढचे सगळे दिवस दुसऱ्याने ढकलण्याची वाट पाहत बसायचं, हे कोणाच्याही वाट्याला येऊ नये, म्हणून हा लेख सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. काउंटरवर अडतं ते खुर्चीमुळे नाही, बॅटरीच्या कागदामुळे. कागद पक्का असेल तर काम होतं. म्हणून या लेखातला मोठा भाग बॅटरीचाच आहे.

१. आधी ठरवा: तुमचं वाहन कोणत्या गटात बसतं?

विमानात वैयक्तिक सामानातून नेता येणाऱ्या लिथियम बॅटरीला मर्यादा आहे, आणि ती वॅट-अवरमध्ये, म्हणजे बॅटरीत किती ऊर्जा मावते त्या मापात, मोजतात. १०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी सहज जाते, १०० ते १६० पर्यंतची कंपनीच्या परवानगीने जाते, आणि त्यावरची प्रवाशाच्या सामानात चालत नाही. इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी साधारण ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची धरली तरी ३६० वॅट-अवर होते, म्हणजे ती बादच. उभ्याने चालवायची इलेक्ट्रिक स्कूटर आणि हॉवरबोर्ड बॅटरी लहान असली तरी बहुतेक कंपन्या घेत नाहीत. २०१५ च्या अखेरीस हॉवरबोर्डना आगी लागण्याच्या बातम्या आल्या आणि तेव्हापासून ही बंदी घट्ट झाली.

या मर्यादेतून सूट फक्त चालता न येणाऱ्या किंवा कमी येणाऱ्या माणसाच्या चलनसाधनाला मिळते. त्यात इलेक्ट्रिक व्हीलचेअर येते आणि ज्येष्ठांची तीन-चारचाकी, बसून चालवायची मोबिलिटी स्कूटरही येते. साध्या व्हीलचेअरला पुढून जोडायचं मोटरचं चाक असेल, तर मात्र सावध राहा. कंपनीच्या माणसाने फोटो पाहून त्याला 'स्कूटर' म्हटलं की फाइल तिथेच बंद होते. अर्जात पहिल्याच ओळीत "व्हीलचेअरला जोडायचं मोटर-साधन, प्रवासी अपंग आहे" असं स्पष्ट लिहा.

२. बॅटरीवरचा आकडा शोधा

खुर्ची उलटी करा, सीटखाली हात घाला, बॅटरीचं लेबल सापडेपर्यंत थांबू नका. मोबाइलवर त्याचा स्पष्ट फोटो काढा. तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत: बॅटरीचा प्रकार आणि तिचे वॅट-अवर. वॅट-अवर छापलेले नसतील तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा. २४ व्होल्ट आणि १० अँपिअर-अवर म्हणजे २४० वॅट-अवर.

आता प्रकारानुसार नियम. हे नियम आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना, म्हणजे आयाटा, हिच्या धोकादायक मालाच्या नियमपुस्तकातले आहेत आणि जगभरच्या कंपन्या त्यावरच चालतात.

जेल किंवा एजीएम प्रकारची न सांडणारी बॅटरी, जी जुन्या जड खुर्च्यांत असते, ती खुर्चीतच राहू शकते. तिला वॅट-अवरची मर्यादा नाही. टर्मिनलं, म्हणजे बॅटरीची वायर जोडायची टोकं, झाकलेली हवीत आणि बॅटरी खुर्चीला घट्ट बसलेली हवी. आतलं आम्ल सांडू शकेल अशी जुनी ओली बॅटरी असेल, तर खुर्ची उभीच ठेवून, उभीच चढवावी लागते. ते जमत नसेल तर बॅटरी काढून गळणार नाही अशा खोक्यात बंद करावी लागते. शक्य असेल तर अशी बॅटरी प्रवासाआधी बदलूनच घ्या, त्रास वाचेल.

लिथियम बॅटरी खुर्चीत पक्की बसवलेली असेल आणि तुम्हाला ती काढता येत नसेल, तर ती खुर्चीतच जाते. तिथेही वॅट-अवरची मर्यादा नाही, पण सर्किट तोडलेलं हवं. घडीच्या खुर्च्यांत असते तशी हाताने काढता येणारी लिथियम बॅटरी मात्र काढून तुमच्यासोबत केबिनमध्ये न्यायची असते, आणि तिथे मर्यादा लागते: एकच बॅटरी असेल तर ३०० वॅट-अवरपर्यंत, दोन असतील तर प्रत्येकी १६० पर्यंत. याशिवाय राखीव बॅटरी न्यायची असेल तर ३०० पर्यंतची एक, नाहीतर १६० पर्यंतच्या दोन.

याच ठिकाणी सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून जरा थांबून वाचा. दुकानदार '२४ व्होल्ट, १२ अँपिअर-अवर' म्हणून बॅटरी विकतो. त्याचे २८८ होतात, म्हणजे ती मर्यादेत आहे. पण लेबलवर पुष्कळदा २५.२ व्होल्ट छापलेलं असतं, कारण आत ३.६ व्होल्टचे सात सेल ओळीने जोडलेले असतात. २५.२ गुणिले १२ म्हणजे ३०२.४. काउंटरवरचा माणूस लेबल वाचतो, दुकानदाराचं बिल नाही. नवी खुर्ची घेणार असाल तर पैसे देण्याआधी लेबलचा फोटो मागवा. 'लाँग रेंज' म्हणून २० अँपिअर-अवरची बॅटरी गळ्यात मारली जाते. ती ४८० वॅट-अवर भरते, आणि काढता येणारी असेल तर विमानात नेता येत नाही. प्रवास करणाऱ्याने दोन लहान बॅटऱ्यांची खुर्ची घ्यावी, हे माझं ठाम मत आहे. २४ व्होल्ट, ६ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या प्रत्येकी १४४ भरतात, कोणाला वाद घालायला जागा राहत नाही.

खुर्चीवर 'एअरलाइन अप्रूव्ह्ड' असं स्टिकर असेल तर त्याच्यावर भरवसा ठेवू नका. अशी सरसकट मंजुरी देणारं कोणी नसतं. परवानगी तुमची विमान कंपनी देते, त्या प्रवासापुरती.

सुटी लिथियम बॅटरी मोठ्या बॅगेत टाकून खाली का देता येत नाही, हेही समजून घ्या. लिथियम सेल बिघडून तापू लागला की एकाची उष्णता दुसऱ्याला पेटवते. मालकक्षात आग विझवायला हॅलॉन वायू असतो. तो ज्वाळा दाबतो, पण सेलच्या आत चाललेली साखळी थांबवू शकत नाही. केबिनमध्ये धूर लगेच दिसतो आणि कर्मचारी पाणी ओतून सेल थंड करू शकतात. म्हणून सुटी बॅटरी तुमच्या नजरेसमोरच हवी.

३. तिकीट काढण्याआधी विमान बघा

तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो वाचा. बोईंग ७३७ च्या मालकक्षाचा दरवाजा साधारण ८५ ते ९० सेंटिमीटर उंच असतो. पाठ न दुमडणारी जड खुर्ची त्यातून उभी जात नाही, आडवी करावी लागते, आणि आडवी केली की जॉयस्टिक मोडायची भीती असते. एअरबस ए३२० चा दरवाजा याहून बराच उंच आहे. दोन्ही पर्याय असतील तर मी ए३२० घेते.

कोल्हापूर, जळगावसारख्या विमानतळांवर एटीआर, म्हणजे पंख्याची लहान विमानं ये-जा करतात. त्यांची सामानाची जागा कमी असते आणि चढायला पायऱ्या किंवा रॅम्प असतो. तिथे खुर्चीचं वजन आणि घडी केल्यावरची मापं आधी लेखी कळवल्याशिवाय तिकीट पक्कं समजू नका.

शक्यतो थेट विमान घ्या. बदलायचंच असेल तर एकाच कंपनीचं, एकाच तिकिटावरचं घ्या. दोन कंपन्या असतील तर दोघांची परवानगी वेगवेगळी लागते. मुंबईत टी१ आणि टी२ एका छताखाली नाहीत, मधलं अंतर रस्त्याने कापावं लागतं. तुमची खुर्ची मावेल अशी गाडी ऐनवेळी मिळेलच असं नाही, तेव्हा टर्मिनल बदलणारं कनेक्शन टाळाच.

४. लेखी कळवा, लेखी उत्तर मिळवा

डीजीसीए, म्हणजे नागरी हवाई वाहतूक महासंचालनालय, याच्या नियमानुसार अपंग प्रवाशाने आपली गरज किमान ४८ तास आधी कळवायची असते. बॅटरीची खुर्ची असेल तर मी म्हणेन, आठवडाभर आधी कळवा. कंपनीच्या धोकादायक माल विभागाकडे कागद जातो आणि तिथून उत्तर यायला वेळ लागतो.

फोन करा, पण फोनवर थांबू नका. फोनवरचं "हो मॅडम, झालं" काउंटरवर कामाचं नाही. ईमेल इंग्रजीत लिहा आणि मुद्दे याच क्रमाने द्या:

- पीएनआर, प्रवाशाचं नाव, तारीख, विमान क्रमांक
- खुर्चीचा ब्रँड, मॉडेल, बॅटरीसह आणि बॅटरीशिवाय वजन
- लांबी, रुंदी, उंची, उघडी आणि घडी केलेली
- बॅटरीचा प्रकार, संख्या, प्रत्येकीचे व्होल्ट, अँपिअर-अवर, वॅट-अवर
- बॅटरी काढता येते की नाही, आणि ती कुठे नेणार
- खुर्ची विमानाच्या दारापर्यंत वापरायची आहे आणि उतरल्यावर दारातच परत हवी आहे, ही विनंती
- सोबत लेबलचा आणि खुर्चीचा फोटो

ईमेलमध्ये कोडही लिहून टाका, कारण बुकिंगमध्ये तेच चढतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे पायऱ्या चढू शकणारा प्रवासी, डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या चढता न येणारा, डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत पूर्ण मदत लागणारा. खुर्चीचा कोड वेगळा असतो: लिथियमसाठी डब्ल्यूसीएलबी, न सांडणाऱ्या बॅटरीसाठी डब्ल्यूसीबीडी, सांडणाऱ्यासाठी डब्ल्यूसीबीडब्ल्यू. नेहमीची गफलत अशी होते की माणसाचा कोड चढतो आणि खुर्चीचा राहून जातो. मग काउंटरवर तुमच्यासाठी ढकलायची खुर्ची तयार असते, पण तुमच्या स्वतःच्या खुर्चीबद्दल कोणालाच माहिती नसते. दोन्ही कोड बुकिंगमध्ये आहेत का, हे निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारा.

५. कागद

एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, दोन प्रती:

- कंपनीच्या परवानगीचा ईमेल, छापील
- बॅटरीच्या लेबलचा रंगीत फोटो
- लिथियम बॅटरीचा यूएन ३८.३ चाचणी अहवाल किंवा त्याचा सारांश
- बॅटरीचं सुरक्षा माहितीपत्रक, म्हणजे एमएसडीएस
- खुर्चीच्या माहितीपुस्तिकेतलं बॅटरी आणि घडीचं पान
- खुर्चीचं बिल
- यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं अपंगत्वाचं ओळखपत्र, किंवा अपंगत्वाचं प्रमाणपत्र

यूएन ३८.३ ही उंची, तापमान, हादरे, धक्का, शॉर्ट सर्किट अशा आठ चाचण्यांची मालिका आहे. हा अहवाल उत्पादकाकडे असतो. दुकानदार टाळाटाळ करतो, म्हणून खुर्ची घेतानाच मागून ठेवा.

'फिट टू फ्लाय', म्हणजे विमानप्रवासाला योग्य असल्याचा डॉक्टरांचा दाखला मागितला तर शांतपणे सांगा की अपंगत्व स्थिर आहे, फक्त मदत हवी आहे. अशा प्रवाशाला डीजीसीएच्या नियमानुसार तो लागत नाही. नुकती शस्त्रक्रिया झाली असेल, ऑक्सिजन लागत असेल, तर गोष्ट वेगळी.

६. खुर्ची तयार करा

खुर्ची तुम्ही ज्या काळजीने वापरता त्या काळजीने ती चढवली जाईल असं धरू नका. ती चढवणाऱ्या माणसाने तुमचं मॉडेल आधी पाहिलेलं नसतं आणि त्याच्याकडे वेळ नसतो. त्याचं काम सोपं करणं हाच तुमच्या खुर्चीचा बचाव आहे.

सुटे होणारे भाग काढून केबिनमध्ये न्या: उशी, बाजूच्या फळ्या, निघणारी पायठाणं, आरसा, मोबाइलचा स्टँड. उशी तर कधीच खाली देऊ नका. बसण्याच्या जखमा टाळणारी उशी हरवली तर पुढचा प्रवासच धोक्यात येतो. जॉयस्टिक निघत असेल तर काढा, निघत नसेल तर आत वळवून फोम आणि बबल रॅपमध्ये गुंडाळा. लोंबणाऱ्या वायरी केबल टायने बांधा.

काढलेल्या बॅटरीच्या टर्मिनलवर इन्सुलेशन टेप लावा आणि प्रत्येक बॅटरी वेगळ्या कापडी किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. बॅटरी खुर्चीतच राहणार असेल तर मुख्य स्विच बंद करा, चावी काढा, सर्किट तोडणारा प्लग असेल तो उपसा आणि कसा उपसला त्याचा फोटो ठेवा.

आणि सगळ्यात उपयोगाची वस्तू: लॅमिनेट केलेला एक कागद, इंग्रजी आणि हिंदीत, खुर्चीच्या पाठीला बांधलेला. त्यावर चारच गोष्टी: बॅटरीची स्थिती, मोटर मोकळी करायचा लिव्हर कुठे आहे, कुठे धरून उचलायचं, कुठे धरायचं नाही. लिव्हरच्या दोन्ही स्थितींचा फोटो चिकटवा. मोटर मोकळी झाली नाही तर खुर्ची ओढली जाते आणि गिअर जातात. खाली तुमचं नाव आणि मोबाइल नंबर.

शेवटी चारही बाजूंनी फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असे. चाकं, आर्मरेस्ट, जॉयस्टिक जवळून घ्या.

७. विमानतळावर

देशातल्या प्रवासाला तीन तास, परदेशच्या प्रवासाला चार तास आधी पोहोचा. उशिरा गेलात तर काउंटरवरच्या माणसाला विभागप्रमुखाला बोलवायला वेळ उरत नाही, आणि नाही म्हणणं हा त्याचा सोपा मार्ग होतो. शिवाय तुमची खुर्ची विमानात कुठे ठेवली आहे हे कॅप्टनला लेखी कळवावं लागतं. तो कागद काउंटरवरून सुरू होतो.

काउंटरवर पहिलं वाक्य परवानगीबद्दल बोला: "बॅटरीच्या खुर्चीची परवानगी आहे, हा ईमेल." मग लेबलचा फोटो द्या. दुसरा माणूस आला तर तेच पुन्हा, त्याच सुरात. मला एकदा परवानगी हातात असूनही बराच वेळ बाजूला बसवून ठेवलं होतं. शेवटी ड्युटी मॅनेजरने ईमेल वाचला आणि काम झालं. म्हणून ड्युटी मॅनेजरला बोलवा, असं लवकर आणि सभ्यपणे म्हणा.

स्वतःच्या खुर्चीत गेटपर्यंत जायचा आग्रह धरा. काही ठिकाणी चेक-इनलाच खुर्ची मागतात. तसं झालंच तर खुर्चीला टॅग लागलेला आणि नोंद झालेली स्वतः पाहा. टॅगवर शेवटचं ठिकाण बरोबर आहे ना, हे वाचा.

सुरक्षा तपासणीत सीआयएसएफचे जवान खुर्चीवरून कापडी पट्टी फिरवून स्फोटकांची चाचणी घेतात. ते नेहमीचं आहे, घाबरू नका. उभं राहता येत नसेल तर तसं आधीच सांगा. महिलांची तपासणी महिलाच करतात, आणि आडोसा हवा असेल तर मागा. सुटी बॅटरी एक्स-रेमध्ये दिसतेच, म्हणून आधीच ट्रेमध्ये वेगळी ठेवा आणि परवानगीचा छापील ईमेल तिच्यावर ठेवा.

गेटवरून विमानाकडे बसने जायचं असेल तर अँब्युलिफ्ट, म्हणजे प्रवाशाला विमानाच्या दारापर्यंत उचलून नेणारी गाडी लागेल. ती मागवली आहे का, हे गेटवर पोहोचल्याबरोबर विचारा. दारात तुम्ही आयल चेअरवर, म्हणजे सीटांमधल्या वाटेतून जाणाऱ्या अरुंद खुर्चीवर बसता आणि तुमची खुर्ची खाली जाते. मोटर मोकळी करून द्या, कागद दाखवा, जो माणूस नेतो आहे त्याला लिव्हर प्रत्यक्ष हलवून दाखवा. आत गेल्यावर केबिन क्रूला सांगा की सोबत व्हीलचेअरची बॅटरी आहे, आणि ती हाताशी ठेवा.

८. उतरल्यावर

विमान उतरायच्या आधी क्रूला आठवण करा की खुर्ची दारात हवी आहे. तुम्ही सगळ्यात शेवटी उतरता, तेवढ्या वेळात ती वर येऊ शकते. "बेल्टवर मिळेल" म्हणाले तर विचारा, आणली का, कोण आणतंय.

खुर्ची आली की बसायची घाई करू नका. फोटोंशी ताडून बघा, बॅटरी लावा, पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे चालवून बघा, ब्रेक तपासा. काहीही मोडलेलं असेल तर विमानतळ सोडण्याआधी कंपनीच्या सामान काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामानाच्या नुकसानीचा अहवाल, लिहून घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रिअल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार ७ दिवसांत करावी लागते. त्या कराराखाली सामानाची भरपाई २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआरपर्यंतच (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, आणि चांगल्या इलेक्ट्रिक खुर्चीची किंमत त्याहून जास्त असू शकते. म्हणून महाग खुर्ची असेल तर चेक-इनच्या वेळी तिची किंमत जाहीर करून जादा शुल्क भरायचा मार्ग करारातच ठेवला आहे, तो वापरा. प्रवास विम्यात चलनसाधन धरलं आहे का, हे वेगळं विचारा. 'सामान' या शब्दात ते बसतंच असं नाही. देशात कंपनीने दाद दिली नाही तर नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते. पीआयआरची प्रत तिथे जोडा.

९. परत येताना

जातानाची परवानगी परतीला आपोआप लागू होत नाही. दोन्ही विमानांची परवानगी एकाच वेळी मागा आणि दोन्हीची उत्तरं वेगळी छापा. अमेरिकेला मुलाकडे जाणाऱ्या आई-वडिलांसाठी आणखी एक: तिथे घरातला वीजपुरवठा १२० व्होल्टचा आहे, आपला २३०. चार्जरवर '१००-२४० व्होल्ट' लिहिलेलं असेल तर फक्त प्लगचा अडॅप्टर पुरतो. नुसतं '२३० व्होल्ट' असेल तर तो चार्जर तिथे चालणार नाही. उत्पादकाकडून दोन्ही व्होल्टेजचा, त्याच बॅटरीला जुळणारा चार्जर इथूनच मागवून न्या. भलत्याच चार्जरने लिथियम बॅटरी भरणं धोक्याचं आहे.